मॅनेजरच्या दारातली मोजडी

भूतबित आपण मानत न्हाई, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या शेडमागं भूत दिसतं असं एका वॉचमननं सांगितलं, तेव्हा मी त्याला एकच विचारलं — चावलं का? न्हाई ना? मंग लस लागत न्हाई, जा घरी. कुत्र्यांचं काम करणाऱ्या माणसाला भ्यायला जिवंत कारणं भरपूर असतात. पण गेल्या लगीनसराईत जे झालं ते... वाचा, अन् तुम्हीच सांगा.

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत कारकून. मी आणि बायको सुनीता मिळून एमआयडीसीच्या टोकाला जखमी-आजारी कुत्र्यांसाठी पत्र्याचं शेड चालवतो. तिथं सुनीताचा कडक नियम आहे. आजारी कुत्र्याच्या खोलीत जायचं तर चप्पल दाराबाहेर, म्हणजे रोग इकडून तिकडं जात न्हाई. कलेक्टर आले तरी चप्पल बाहेर.

हा नियम आमच्यापेक्षा मावशीनं जास्त मनावर घेतला. मावशी म्हणजे आमची सगळ्यात जुनी कुत्री. लंगडी, खडूस, तोंडात एकच सुळा शिल्लक. तिनं आपलं बरोबर हेरलं — दाराबाहेर चप्पल असली की माणूस आत येऊन बसतो. मंग काय! कुणाला बरं नसलं की बाई माझी चप्पल पळवून त्याच्या दारात नेऊन ठेवायची. मी शिव्या घालत चप्पल शोधत जायचो, तर आत कुणीतरी तापानं फणफणलेलं असायचं.

मावशी त्या लगीनसराईच्या आधीच्या पावसाळ्यात म्हातारपणानं गेली. शेडमागच्या कडुनिंबाखाली मीच पुरलं तिला. लई रडलो. असो.

तर केदारखेड्याला मेव्हणीचं लग्न होतं. मी थोरला जावई, सासऱ्यांनी नवी कोरी मोजडी दिल्ती. मेव्हणा संतोष जीप सजवून आम्हाला शेडवरूनच न्यायला आल्ता. कुत्र्यांना खाऊ घातलं, एकेकाला खोलीत घालून कड्या लावल्या. आता संध्याकाळपर्यंत इकडं कुणी फिरकणार नव्हतं. शेडवरच कपडे बदलून बाहेर येतो तर काय — दारात एकच मोजडी!

"संत्या, दे इकडं."

"काय दाजी?"

"मोजडी! अरे, नवरदेव मी न्हाई. माझ्या लग्नाला जमाना झाला."

"आईशप्पथ दाजी, मी जीपमधून उतरलो बी न्हाई!"

माझा विश्वास बसेना. मी सरळ मेव्हणीलाच फोन लावला. तिकडं तिला हळद लागून राह्यली होती, अन् मी विचारतोय, मोजडी लपवायला कुणाला सांगितलंस? ती म्हणाली, "दाजी, सकाळी सकाळीच घेतली का?"

इकडं सुनीता पेटली. "अहो, तिकडं अक्षता पडतील! स्लीपर घाला अन् चला!"

"स्लीपरवर मी मांडवात पाय ठेवणार न्हाई," मी म्हणालो. जावईपण अंगात आलं की माणसाला अक्कल राहत न्हाई. पण त्या दिवशी त्याच बिनअकलेनं एक जीव वाचवला.

मोजडी सापडली मॅनेजरच्या दारासमोर. मॅनेजर म्हणजे कुणीतरी सोडून दिलेला वासराएवढा कुत्रा, अर्धा ग्रेट डेन जातीचा. काम काही न्हाई, दिवसभर नुसती सगळ्यांवर नजर, म्हणून मॅनेजर. मघाशीच ताटली चाटूनपुसून साफ केल्ती त्यानं. मी कडी काढून आत बघितलं. पोट ढोलासारखं फुगलेलं, तोंडातून लाळेच्या तारा. बिचाऱ्याला उलटीच्या नुसत्या उबळा येऊन राह्यल्या होत्या, बाहेर काहीच पडेना.

डॉक्टर फोनवर ओरडलेच, "जठराला पीळ पडलाय! जल्दी घेऊन या, जल्दी!"

जावयासाठी सजवलेल्या जीपमध्ये झेंडूच्या माळांखाली मॅनेजर आडवा, डोकं सुनीताच्या पैठणीवर. संतोष हॉर्नवर हात ठेवून सुटला. रस्त्यावरची माणसं नवरदेव बघायला वाकायची, अन् तोंड वासून तशीच राहायची. सुनीता सारखी म्हणत होती, "मॅनेजर, जाऊ नको रे बाबा."

डॉक्टरांनी आधी पोटात सुई घालून हवा काढली, मंग ऑपरेशन केलं. बाहेर येऊन म्हणाले, "वाचला. तुम्ही लग्नाला गेला असता तर संध्याकाळी खड्डाच खणावा लागला असता. पण तुम्हाला कळलं कसं?"

मी पायातली मोजडी काढून दाखवली. अजून ओलसर होती. टोकाला सुळ्याचं एक भोक. एकच.

"कावळ्यानं नेली असंल," मी म्हणालो.

"अहो, कावळा मोजडी उचलतो का?" सुनीता म्हणाली, अन् पदर डोळ्याला लावला.

मांडवात पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसली होती. सासूबाईंनी आधी पैठणी पाहिली, मंग मोजडी पाहिली, अन् जिलेबी वाढली.

परत येऊन मी सगळ्या कड्या तपासल्या. एकूण एक बंद होत्या. कुंपण धड होतं, आत यायला कुठंच वाट नव्हती. डॉक्टरांना विचारलं, संतोषला परत परत विचारलं. तो आपला आईशप्पथच घेत राह्यला.

मॅनेजर आता ठणठणीत आहे, परत सगळ्यांवर नजर ठेवून राह्यलाय. मी मात्र रोज शेडवर आलो की चप्पल मुद्दाम दारात काढून आत जातो, अन् जरा वेळानं हळूच बघायला येतो. चप्पल तिथंच असते. म्हणजे सगळी बरी आहेत. बरं वाटतं... अन् थोडं वाईटही वाटतं.