भिंतीकडचा पोचा

एक वर्षभर मी घाण करायचा पगार घेत होते. घाण खरीखुरी नव्हे, कॉम्प्युटरवरची. परदेशातल्या कंपन्या व्हिडिओ गेम बनवतात आणि त्या गेममधल्या घरांत, दुकानांत, गल्ल्यांत ठेवायच्या ढीगभर वस्तू कुठल्यातरी स्वस्त गावातल्या माणसांकडून करून घेतात. त्या वर्षी ते स्वस्त गाव कोल्हापूर होतं. पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहाजण बसायचो. दुसरं कुणीतरी वस्तूचा आकार घडवायचं आणि मी तिला जुनी करायची. नवंकोरं पिंप माझ्याकडे आलं की मी त्याला गंज चढवायची, कडांचा रंग उडवायची, बुडाशी ओल आणायची आणि पुढे पाठवायची. खालच्या गिरणीचं पीठ वर उडत असल्यामुळे आमची खरी टेबलं कायम पांढरी असत. ती रोज पुसावी लागत, त्याबद्दल मात्र पगार नव्हता.

नोकरी मिळाली ती माहेरच्या पुण्याईवर, आणि तीही एका वर्षाच्या उमेदवारीवर. मुलाखतीत एक पडकी भिंत रंगवायला दिली होती. मी कोल्हापूरकडच्या पावसाळी मलकापूरची. आमच्याकडे चार महिने भिंतीवर शेवाळ, पुढचे चार ते वाळून काळं, आणि नंतर त्याची पापडी सुटते. हे मला शिकवावं लागलं नव्हतं. आमचे सर भिंत बघून म्हणाले, "तुम्ही घाणेरडं छान करता." आयुष्यातलं माझं पहिलं व्यावसायिक कौतुक ते हे.

सासर शिवाजी पेठेत, आणि सासऱ्यांचं दुकान भांड्यांचं. म्हणजे माझ्या बरोबर उलटा धंदा. त्यात सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या पद्धतीनं आत्या म्हणते, त्यांची घासलेली भांडी अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. तांब्यात तोंड बघून टिकली लावावी अशी. त्यांच्या घरात सून आली ती दिवसभर गंज चढवणारी. लग्नानंतर आठवड्यातच त्यांनी निकाल दिला होता. "एक वर्स करून बघ. कायम केलं तर तुझं तू बघ. न्हाय केलं तर दुकानात बसायचं. गल्ल्यावर घरचं माणूस लागतंय." यात त्यांचं काही चुकत होतं असं नाही. पण मला त्या दुकानाची धास्ती होती. सगळीकडून आपलंच तोंड चकाकत दिसतंय, अशा जागी मी दहा मिनिटांवर कधी बसू शकले नाही.

त्या वर्षात मी काय करते ते आत्यांना कळलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नाही. शेजारणींना त्या सांगायच्या, "गेम खेळायला जाती. पगार देत्यात." शेजारणी माझ्याकडे दयेनं बघायच्या. एकदा मी पडद्यावर गंजलेली बादली दाखवली. आत्यांनी ती निरखून बघितली आणि विचारलं, "ही मोडीत घालायची सोडून ठेवलीया कशाला?"

अकराव्या महिन्यात ते काम आलं. ओसाड पडलेल्या एका घराचं स्वयंपाकघर आणि न्हाणी. डोंगरातलं गाव, पूर्वेकडचा कुठलातरी देश, कुठला ते त्यांनीही ठरवलेलं नव्हतं. सर म्हणाले, "हे पास झालं की तुमचं कायमचं पत्र." मी पंधरा दिवस जीव तोडून काजळी फासली. परदेशातून उत्तर आलं एका ओळीचं. घाण आहे, पण इथे कुणी राहिलेलं वाटत नाही.

ती ओळ मला फार लागली. कारण ती खरी होती. मी डाग टाकत होते, पण तो डाग कुणी पाडला हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मला बंब आठवला. आमच्या मागच्या न्हाणीत, कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात तांब्याचा जुना बंब उभा आहे. मधल्या नळीत जाळ घालायचा आणि भोवतीनं आंघोळीचं पाणी तापायचं. गिझर आल्यापासून तो निवृत्त झाला होता. घर इतकं लख्ख, पण बंबाकडे बऱ्याच वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. त्यावर जुन्या धुराची काजळी होती, तोटीखाली हिरवा ओघळ होता, राखेचा थर होता. मला तो दिसला आणि माझी नोकरी कायम झाली, असंच मी धरून चालले. रात्रीच्या जेवणात मी उत्साहानं सांगितलं, "आत्या, उद्या बंबाचे फोटो काढणार आहे. परदेशात पाठवायचेत."

माझं चुकलं ते इथं. कोल्हापुरात भांड्यांच्या दुकानदाराच्या बायकोला, तुमचं भांडं परदेशात दाखवणार आहे, असं आदल्या दिवशी सांगायचं नसतं.

सकाळी कॅमेरा घेऊन मागे गेले तर न्हाणीत सूर्य उगवल्यासारखं झालेलं. चिंच, मीठ, राख, नारळाची शेंडी, सगळं वापरून झालं होतं. हात पोचेल तिथवरचा कणन्कण काढला होता. वर हळदीकुंकू लावून पुढे चार ठिपक्यांची रांगोळी घातली होती. आत्या पदरानं घाम पुसत उभ्या होत्या आणि मी शाबासकी देईन म्हणून वाट बघत होत्या. मी मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले.

"आत्या, मला तो काळाच हवा होता!"

"म्हंजे? आमच्या घरातली घाण जगाला दावणार हुतीस?"

यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणावं लागेल. मी म्हणाले, माझी नोकरी घासून टाकलीत. त्या म्हणाल्या, असली कसली नोकरी जी चिंचेनं निघती. हे उत्तर इतकं बिनतोड होतं की मला आणखीच राग आला. दुपारी त्या जेवल्या नाहीत. मीही हट्टानं जेवले नाही, पण मी आधी चिवडा खाल्ला होता.

चारच्या चहाला त्या आपणहून माझ्या खोलीत आल्या. माफी मागायची त्यांची पद्धत नाही. घरी आणलेल्या कॉम्प्युटरवर, आकार घडवणाऱ्यानं पाठवलेला साधा, कोरा बंब उभा होता. त्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हितं काळं टाक. बोटभर जाडीचं. मी लाकूड ह्या अंगानं सारत हुतो, तिकडनं धूर यायचा." आमच्याकडच्या बायका 'मी आलो, गेलो' असंच बोलतात. "तोटीखाली हिरवं, पण सरळ न्हाय. तोटी वाकडी बसलीया, म्हणून वघळ डावीकडं जातोय. झाकणाच्या कडीला काळं न्हाईच. तिथं रोज हात लागतोय न्हवं?"

मी टाकत गेले. त्या सांगत गेल्या. कुठे साबणाचे शिंतोडे उडत, कुठे ओला टॉवेल टेकवून ठेवल्यानं तांबं फिकं झालं होतं, कुठे माझ्या नवऱ्यानं लहानपणी खिळ्यानं काहीतरी कोरलं होतं. चाळीस वर्षं त्या घाणीशी भांडल्या होत्या. त्यामुळे तिची खडानखडा माहिती त्यांना होती आणि मला मात्र पगार असूनही नव्हती. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल असं प्रेम दाटून आलं की मी चटकन चिवड्याचं कबूल करून टाकलं.

"आता मागची बाजू," मी म्हणाले.

त्यांनी बोट पडद्यावरून मागे घेतलं. "मागं काय न्हाय."

"करावी लागते आत्या. गेममध्ये माणूस कुठंही जाऊन बघू शकतं."

"दुसऱ्याच्या न्हाणीत शिरून बंबाच्या मागं बघतंय? कसली माणसं म्हणायची!" असं म्हणून त्यांनी दाराकडे बघितलं. सासरे दुकानात होते. मग त्या हळू आवाजात बोलल्या. लग्नाला महिनाही झाला नव्हता. बंब धुऊन आणताना पायरीवर हातातून सुटला आणि पोचा पडला. भांडेवाल्यांच्या घरात पोचा आलेलं भांडं म्हणजे मोडीत. त्यांची सासू कडक. घरात त्या वेळी कुणी नव्हतं म्हणून त्यांनी बंब कोपऱ्यात नेऊन पोचा भिंतीकडे फिरवून ठेवला. सासू वारली, तरी पोचा भिंतीकडेच राहिला. "एकदा लपिवलं की लपिवतच बसाय लागतंय. ह्यांनाबी म्हाईत न्हाय."

"दुरुस्तीला कधी नेला नाही?"

"तोटी गळाय लागली की हेच न्यायचे कल्हईवाल्याकडं. मी तिकडं न बघताच पोतं गुंडाळून, सुतळीनं बांधून देत हुतो."

पोचा केवढा आहे विचारलं तर त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ नारळ धरल्यासारखी केली. मी उठून बघायला निघाले तर दंडाला धरून बसवलं. "सांगितलंय तेवढं पुरे. आणि तुझ्या त्या गेममदीबी भिंतीकडंच ठेव. माझ्या गळ्याची आण." मी आण घेतली. नारळाएवढा पोचा केला आणि बंब कोपऱ्यात भिंतीकडे फिरवून ठेवला.

चार दिवसांनी उत्तर आलं, या वेळी लांबलचक. न्हाणी आवडली होती. आता इथे कुणीतरी राहत होतं, असं लिहिलं होतं. आणि शेवटी, बंबाच्या मागचा पोचा ही या खोलीतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, तो दाराकडे फिरवा, आत येणाऱ्याला तोच पहिला दिसला पाहिजे.

दुसऱ्याच्या न्हाणीत शिरून बंबाच्या मागे बघणारी माणसं खरोखरच असतात.

मी सरांना म्हणाले, तिथून पाइप जातो, फिरवता येणार नाही. सर म्हणाले, पाइप पण आपणच बनवलाय ना? मग म्हणाले, "पत्र टाइप करून तयार आहे. तुम्ही फिरवा, मी सही करतो." मी तासभर खुर्चीत बसून राहिले. आत्यांची ओंजळ डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि दुकानातला गल्लाही. शेवटी कोनाच्या चौकोनातला आकडा बदलला. शून्याचे एकशे ऐंशी केले. चाळीस वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा असलेला बंब आवाजसुद्धा न करता फिरला. मी कायम झाले. आत्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि ती चिमूटभर माझ्या तोंडात घातली. ती गिळताना मला किती वाईट वाटलं ते आजही आठवतं.

गेम बाजारात यायला पुढे दीड वर्ष लागलं. एवढ्या काळात असले प्रकल्प बंद पडतात, कंपन्या बुडतात, असं मी ऐकून होते आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम बुडावं म्हणून प्रार्थना करत होते. ते बुडालं नाही. उलट नवऱ्यानं हौसेनं विकत घेतलं, टीव्हीला जोडलं आणि रविवारी सकाळी सगळ्यांना समोर बसवलं. मी डोकं दुखतंय म्हणाले, लाइट जाईल म्हणाले, कुणी ऐकलं नाही.

पडद्यावरचा माणूस बॅटरी घेऊन अंधारात त्या घरात शिरला. आत्या पुढे सरकून बसल्या. स्वयंपाकघर बघून म्हणाल्या, "माणसं कुठं गेली ह्या घरातली?"

"मेली. गोष्टच तशी आहे," नवरा म्हणाला.

"मग काळं हुणारच की. घासणार कोण?"

न्हाणीचं दार उघडलं. बॅटरीचा झोत थेट बंबावर पडला. काजळी, हात लागून उजळलेली झाकणाची कडी, आणि मधोमध नारळाएवढा पोचा. आत्यांनी तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ह्यो आपला बंब की!" सासरे म्हणाले. मग चष्मा पुढे ओढून म्हणाले, "पर पोचा लई मोठा केलाय, पोरी. एवढा न्हाय."

आत्यांनी मान गर्रकन त्यांच्याकडे वळवली.

"तुम्हाला काय म्हाईत?" आत्या म्हणाल्या.

"भांड्याच्या दुकानात जन्म गेला माझा. आन् पोचा कळत न्हाय व्हय?"

"अवो, पर मी पोतं बांधून देत हुतो!"

"अगं, कल्हईवाला पोतं सोडल्याबिगार तोटी लावंल का? दर खेपंला म्हणायचा, शेठ, चार हातोडीत पोचा काढून देतो. मी म्हणायचो, ऱ्हाऊ दे."

"का?"

सासरे टीव्हीकडेच बघत म्हणाले, "काढला असता, तर मला कळलंय हे तुला कळलं असतं की."

आत्या उठून आत गेल्या. चहा टाकल्याचा आवाज आला, पण बराच वेळ चहा आला नाही. नवऱ्यानं गेम बंद केला. मी आत जाऊन म्हणाले, "आत्या, मी आण मोडली. नोकरीसाठी मोडली." त्या आधणाकडे बघत म्हणाल्या, "ते मग बोलू." ते आम्ही अजून बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून काहीतरी जड फरफटल्याचा आवाज आला. मी मागे गेले. आत्यांनी एकटीनं बंब ओढून बाहेर काढला होता आणि फिरवला होता. मागच्या बाजूला तेवढी चाळीस वर्षांची काजळी अजून होती, आणि त्या काजळीत पोचा. मी वाकून त्यात अंगठा टेकवला. अंगठा मावला, त्यापुढे फारशी जागा उरली नाही. लिंबाएवढाही नव्हता.

"एवढाच हाय व्हय?" आत्या माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या. बंब पायरीवर पडला त्या दिवसानंतर त्यांनीही तो पोचा कधी बघितला नव्हता.