एक भिंत मंदाची

फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून ते उतू जाऊ नये म्हणून पहारा देत उभी होते. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे जबाबदारीची एवढीच कामं उरली आहेत. पलीकडून केतकी बोलत होती, मंदाची मुलगी. "मावशी, आई सकाळी उठलीच नाही गं." मी विचारलं, "म्हणजे अजून झोपलीय का?" इतका खुळा प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नसेल. केतकीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि मग मला कळलं... दूध उतू गेलं ते गेलंच. नगरच्या सावेडीत आमच्या दोघींच्या घरात दोन गल्ल्यांचं अंतर आहे. पंचवीस वर्षांचा पायाखालचा रस्ता, पण त्या सकाळी मी तो चुकले आणि एका अनोळखी बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले.

त्याला आता सात आठवडे झाले. मंदा गेली तेव्हा पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेचं तिचं काम चालू होतं. चार भिंतींपैकी तीन रंगवून झाल्या होत्या, चौथी कोरी होती. ही चौथी भिंत मंदाची स्वतःची होती, आणि ती कशी काय, हे सांगायचं तर मला बरंच मागे जावं लागेल.

मंदा शाळा रंगवायची. खेड्यातल्या शाळांच्या भिंतींवर पाढे, बाराखडी, नकाशा, सूर्यमाला, हात धुण्याचे सात प्रकार असं सगळं रंगवून घेतात, त्याला शाळा बोलकी करणं म्हणतात. आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) अशा किती शाळा तिने बोलक्या केल्या, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आम्ही दोघी नगरला चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करताना भेटलो. मी कारकुनाची मुलगी, रंगांची नवी पेटी घेऊन आलेली. ती पाथर्डीकडची, आईवडील दरवर्षी ऊस तोडायला जाणारे, त्यामुळे निम्मी शाळा तिने कारखान्याजवळच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून केलेली. पहिल्याच आठवड्यात तिने माझी पेटी उघडून पाहिली आणि म्हणाली, "ह्यो हिरवा कशाचा हाय? आसा हिरवा मी तर कुठं बगितला न्हाई." मला राग आला. मग घरी जाताना मी रस्त्यावरची झाडं बघत गेले, आणि तिचं खरं होतं.

डिप्लोमानंतर दोघींनाही नोकरी लागली. मी माझ्या शाळेत एकतीस वर्षं टिकले, मंदा तिच्या शाळेत एक वर्ष. राजीनामा देऊन ती थेट माझ्याकडे आली आणि जिन्यातच सांगू लागली, "दोन डोंगर, मधी सूर्य, खाली नदी. साठ पोरांचे एकशे वीस डोंगर तपासले शैले मी. लाल पेनानं! माझ्यानं न्हाई व्हायचं." मी तिला वेड्यात काढलं. पगार, पेन्शन, दिवाळीची सुट्टी, सगळं मोजून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, माझ्या आईच्या हातचे दोन धपाटे खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन शिडी विकत घेतली.

पुढे तिचं लग्न रघुनाथभाऊंशी झालं. ते रिक्षा चालवायचे. जवळच्या गावी काम असलं की रिक्षाच्या टपावर शिडी, आत रंगाचे डबे आणि डब्यांमध्ये पाय आखडून बसलेली मंदा अशी वरात निघायची. धंदा करायला ती हळूहळू शिकली. सुरुवातीला भाव सांगताना तिचा आवाज खाली जायचा, आणि समोरचा माणूस ते बरोबर हेरायचा. मग तिने रघुनाथभाऊंना समोर बसवून सराव केला. ते मुख्याध्यापक व्हायचे आणि घासाघीस करायचे, ही भाव सांगून गप्प बसायची. "भाव सांगितला की त्वांड मिटायचं, शैले. ह्येच लई अवघड हाय," असं ती म्हणायची. काम नाकारलं गेलं की घरी येऊन ती सगळे ब्रश धुवायची, स्वच्छ असलेलेसुद्धा. केतकी लहानपणी ओळखायची, आज आई मोरीत बसलीय म्हणजे कुणीतरी नाही म्हटलंय. ब्रश वाळत घातले की विषय संपला. मी मात्र मुख्याध्यापकांचं दुखावणारं एक वाक्य चार-चार महिने जपून ठेवायची, तेही पगार घेऊन!

तिची एक अट होती, आणि ती सगळ्यांना विचित्र वाटायची. शाळा कितीही लहान असो, एक भिंत माझी. तिच्यावर काय काढायचं ते मी ठरवणार, आधी विचारायचं नाही, नंतर पुसायचं नाही. या भिंतीचे पैसे ती घ्यायची नाही. भाव कमी करायला ती एखाद्या वेळी तयार व्हायची, पण भिंत सोडायला कधीच नाही. आणि या भिंतीवर काय काढायचं हे तिचंही ठरलेलं नसायचं. बाकीचं काम उरकलं की ती त्या कोऱ्या भिंतीसमोर भाकरीचं फडकं सोडून बसायची, अर्धा दिवस नुसती बसायची, गाव बघायची. मग जे दिसलं असेल त्यातलं काहीतरी काढायची. कुठे टँकरभोवतीच्या घागरी, कुठे सायकल दुरुस्त करणारा माणूस. एकदा हिवाळ्यात पाथर्डीकडच्याच दुसऱ्या एका शाळेत गेली तर निम्मा वर्ग आईबापांबरोबर उसाला गेलेला. तिने उरलेल्या पोरांना विचारलं, तुमच्याशेजारी कोण बसतं? कसं दिसतं? पोरं सांगत गेली. एकीच्या दातात फट हाय, एक सारखी कानटोपी घालतो, एक बसल्याजागी झोपतं. त्या वर्णनांवरून मंदाने सगळी गेलेली मुलं भिंतीवर ओळीने बसवली. मुलं उसावरून परत आली तेव्हा स्वतःला शोधत भिंतीपाशी उभी राहिली. फटीवाली म्हणे रागावली, "माझी फट येवढी मोठी न्हाई." हे सांगताना मंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. तिने पुढे एवढंच म्हटलं, "मी पन आशीच दर साली वर्गातनं गायब व्हायची."

मला तिचा हेवा वाटायचा, हे आज लिहून टाकते. चांगली चित्रकार आमच्या वर्गात मीच समजली जायची. नोकरी लागल्यावर मी स्वतःचं म्हणून एकही चित्र काढलं नाही. मुलांना स्पर्धेची चित्रं काढून दिली, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, फळ्यावर सुविचार लिहिले. मंदा दर दोन-चार महिन्यांनी म्हणायची, "चल की माझ्यासंगं एखाद्या भिंतीला." मी म्हणायची, रिटायर झाल्यावर.

एका वर्षी मात्र तिनेही अट सोडली. रघुनाथभाऊंच्या रिक्षाला अपघात झाला, त्यांचा पाय प्लास्टरमध्ये, रिक्षा गॅरेजमध्ये आणि केतकीचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. मंदाने येईल ते काम घेतलं. चारही भिंती शाळेच्या, एकीचे पाढे वाळतात तोवर दुसरीचा नकाशा. मी खूश होते. "आता शहाणी झालीस," असं तिला तोंडावर म्हणाले, देव मला क्षमा करो. पुढे दोन वर्षांनी नगर तालुक्यातल्या एका गावातून तिला फोन आला. त्या शाळेत नव्याने बदलून आलेल्या बाई विचारत होत्या, की पाढे तुम्हीच लिहिलेत का? तर तिथे सतरा आठे एकशे सव्वीस रंगवलेलं होतं. दोन वर्षं सगळा वर्ग खड्या आवाजात तेच म्हणत होता. बाईंनी एकशे छत्तीस सांगितलं तर पोरं ऐकेनात, "भिंतीवर लिवलंय की बाई!"

मला हे ऐकून हसू आवरेना. मंदा हसली नाही. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन एसटीने त्या गावी गेली. आधी वर्गासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोरांनो, चूक माजी हाय, तुमची न्हाई." मग त्यांच्याबरोबर तिने सतराचा पाढा तीनदा म्हटला आणि नंतर आकडा बदलला. तेवढ्यावर भागलं नाही. त्या वर्षातल्या प्रत्येक शाळेत ती स्वतःच्या खर्चाने गेली आणि सगळे पाढे, सगळे नकाशे बोट लावून तपासले. महिनाभर हेच चाललं होतं. मी चिडून म्हणाले, "एक आकडा चुकला गं, काय एवढं?" तेव्हा ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही. "माझी भिंत न्हवती ना, तवा बाकीच्या भिंतीकडं बी माझं ध्यान न्हवतं. हात चालत हुता, मी तिथं न्हवतेच." त्यानंतर तिने आपली भिंत कधीच सोडली नाही.

तर, ती गेली आणि पाथर्डीकडची भिंत कोरी राहिली. दोन आठवड्यांनी तिथल्या गुरुजींचा केतकीला फोन आला. ते म्हणाले, "ताई, घाई न्हाई. दुसरा पेंटर म्हनतो, घोषवाक्यं लिवून मोकळं करतो. पन बाईंनी सांगून ठिवलं हुतं, ती भिंत माझी. आता ती दुसऱ्याला कशी द्यावी?" केतकी गेली दोन वर्षं आईबरोबर अक्षरं रंगवत होती. अक्षर तिचं सुरेख आहे, पण चित्र येत नाही. ती माझ्याकडे आली. मी गुडघा सांगितला, ब्लडप्रेशर सांगितलं, शिडीची भीती सांगितली. केतकीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मावशी, आईने तुला किती वेळा बोलावलं होतं?" मला रिटायर होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते... त्या चौदा महिन्यांत मी दूध सांभाळत होते. मी केतकीपुढे रडले, मंदासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त.

आम्ही गेलो. एसटीत बसल्या-बसल्या मी मोबाईलवर मोरांची चांगली चार चित्रं शोधून ठेवली होती, बघून काढायला. शाळेत पोचल्यावर केतकीने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि पिशवीत टाकला. "आई बसायची तशी बस." बसले. पायरी टोचत होती. पहिला तासभर मला फक्त माझी भीती दिसत होती, गुरुजी काय म्हणतील, पोरं काय म्हणतील, मंदाचं नाव बुडेल. मग हळूहळू समोरचं दिसू लागलं. उसाला गेलेली घरं बंद होती. हातपंपाच्या ओट्यावर एक म्हातारी उन्हाला पाठ देऊन नातवंडं सुटायची वाट बघत बसली होती, मागे उभी असलेली शेळी तिचा पदर चघळत होती आणि म्हातारीला त्याचा पत्ताच नव्हता. मी एकटीच हसले. आणि मग हातात ब्रश कधी घेतला, ते काही आठवत नाही.

तीस वर्षं न वापरलेला हात होता तो. म्हातारीचा खांदा तीनदा पुसला. ऊन कलेपर्यंत काढत होते, केतकी रंग कालवून देत होती. मंदाच्या भिंतीसारखी ती भिंत झाली नाही, हे मला तिथेच कळत होतं. तरी परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं की त्याची लाज वाटली. सात आठवड्यांत पहिल्यांदा मी त्या रात्री सलग झोपले.

सोमवारी गुरुजींचा फोन आला, या वेळी माझ्या नंबरवर. मागे वर्गाचा गलका ऐकू येत होता. "बाई, पोरांत भांडान लागलंय. निम्मी म्हनत्यात शेळी हाय, निम्मी म्हनत्यात कुत्रं हाय. काय हाय नक्की?" माझे कान तापले. म्हटलं, मी येऊन नीट करून देते. गुरुजी म्हणाले, "छ्या, राहू द्या! मधल्या सुट्टीत कुनी खेळाया गेलं न्हाई. समदी भिंतीपाशीच हाईत."

फोन ठेवून मी लगेच केतकीला लावला. ती पोटभर हसली आणि म्हणाली, "अगं मावशी, तू शेपूट खाली सोडलीस. शेळीची शेपूट आखूड असते आणि वर असते. पुढच्या भिंतीला लक्षात ठेव." पुढच्या भिंतीला... तिने हे इतक्या सहज म्हटलं, की जणू ते कधीचंच ठरलेलं होतं. एकतीस वर्षं मुलांची चित्रं तपासलेल्या मी निमूटपणे पेन्सिल शोधली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवलं, 'शेळीची शेपूट वर.'