कमी पडलेलं कोटेशन

त्याला सगळे 'सविस्तर' म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला दुकानात येत कोण होतं? रस्त्यात कुणी सहज विचारलं, "एक खोली वाढवायला काय खर्च येईल हो?" की हा हात वर करून म्हणणार, "असं तोंडी नको. सविस्तर देतो." आणि द्यायचाच. पाया किती खोल, सळई कुठल्या जाडीची, खिडकीवरचा छज्जा किती बाहेर, रंगाचे हात किती, राडारोडा उचलायला गाडीच्या खेपा किती. पाच-सहा पानं टाइप करायची, टाचणी लावायची आणि स्वतः घरी नेऊन द्यायची. फुकट.

मालक मंडळी ती पानं चाळत, मान डोलावत आणि शेवटच्या पानावरचा आकडा बघत. आकडा बघितला की त्यांना एकदम आठवायचं, बायकोला विचारायचं राहिलंय. लवकरच तीच पानं दुसऱ्या ठेकेदाराच्या हातात असत. "यातलं सगळं करायचं, पण याच्याहून कमीत बोल."

हा दुसरा बहुतेक वेळा झटपट असायचा. झटपट एके काळी सविस्तरच्याच हाताखाली वीटकाम शिकला होता. तो लिहीत-बिहीत काही नसे. जागेवर उभा राहून डोळे बारीक करायचा आणि एक आकडा सांगायचा, सविस्तरच्या आकड्याच्या पाऊण. काम त्याला मिळायचं. मग काम अर्ध्यावर आलं की छज्जा 'वेगळा' निघायचा, राडारोडा 'वेगळा' निघायचा आणि बिल सविस्तरचा आकडा ओलांडून पुढे जायचं. पण तोवर घराची एक भिंत पाडून झालेली असायची, आणि तीनच भिंतींच्या घरात राहणारा माणूस ठेकेदाराशी भांडत नाही.

यावरून सविस्तरने काही शिकावं की नाही? नाव नको. "लोकांना एक ना एक दिवस कळेल," असं तो म्हणायचा. अरे, कळलं होतं की! याच्याकडून माप, नकाशा आणि मालाची यादी फुकटात मिळते, हे लोकांना पक्कं कळलं होतं. त्याची कीव करायला जावं तर तेही तो करू द्यायचा नाही. उलट तुमच्याच घरात ओल कुठून येते ते समजावत बसायचा.

बायको मात्र तोंडावर बोलायची. "फुकट फौजदार आहात तुम्ही." तिचं काय चुकलं? कामं आटत आटत गळक्या टाक्या आणि न्हाणीघराच्या फरश्या एवढ्यावर आली होती. शेवटचा कायमचा गवंडीसुद्धा झटपटकडे गेला आणि जाताना लेव्हल बघायची पाण्याची नळी घेऊन गेला.

अशात एकुलत्या एक लेकीचा फोन आला. "बाबा, मागच्या अंगणात एक खोली काढतोय. हे म्हणाले, तुमचं कोटेशन घेऊ. बँकेत लावायचंय, जरा लवकर द्या."

फोन ठेवून सविस्तर उभाच राहिला. जावई त्याला कधी उलट बोलला नव्हता. "काय, काम कसं चाललंय?" एवढं विचारायचा आणि उत्तर सुरू व्हायच्या आत टीव्हीकडे वळायचा. त्या जावयाने आपलं कोटेशन मागितलं! सविस्तरला आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ही खोली. आपल्या हातची एक खोली लेकीच्या घराला लागावी, तिने ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवावी, "आमच्या बाबांनी बांधली" असं म्हणावं. बाकीचं जग हसलं तरी चालेल, असं त्याला त्या दिवशी मनापासून वाटलं.

"पोरीच्या घरी कोटेशन कसलं देताय?" बायको म्हणाली. "सरळ जा आणि पाया खणायला घ्या."

"व्यवहार तो व्यवहार," तो म्हणाला, पण मनात त्याने व्यवहार केव्हाच सोडला होता. अंगणात जाऊन त्याने सगळी मापं घेतली. जावई आत फोनवर होता. सविस्तरने पहारीने जमीन टोचून पाहिली, तर नेमकी जिथे भिंत येणार तिथेच खालून घराच्या सांडपाण्याचा पाइप गेलेला. पाइप वळवून घ्यायचा खर्च त्याने धरला. विटांच्या भट्टीवर जाऊन मालकाशी घासाघीस केली. स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या घरच्याच लावायच्या ठरवल्या. देखरेखीपुढे शून्य लिहिलं, नफ्यापुढे शून्य लिहिलं, आणि पानं पाठवून दिली. बायकोने तोवर सगळ्या आळीत सांगितलं होतं की हे आता काही दिवस लेकीकडे कामावर असतील.

दोन दिवसांत लेकीचा फोन. "बाबा, हे काय करून ठेवलंत?"

"का गं? पान राहिलं का एखादं?"

"तुमचं सगळ्यात कमी आलंय."

सविस्तर मोठ्यांदा हसला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. "येणारच! पोरीकडून काय नफा घेऊ?"

"अहो, कमी नकोय!" लेक वैतागली. मग तिने लहान मुलाला सांगावं तसं त्याला सगळं नीट सांगितलं. काम झटपटला केव्हाच दिलं होतं. त्याने कागदावर आकडा फुगवून दिला होता, म्हणजे बँकेकडून जास्त कर्ज सुटेल आणि वरच्या पैशांत गाडी येईल. पण बँकेला तीन कोटेशनं लागतात आणि कर्ज मिळतं ते सगळ्यात कमी असलेल्यावर. दुसरं झटपटच्या मेहुण्याने दिलं होतं. तिसरं बाबांचं.

"मग मला कशाला विचारलंत?" सविस्तर म्हणाला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"तुमचं नेहमी सगळ्यात जास्त असतं ना, म्हणून."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. वाकडं असतं तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं.

"आणि तो पाइप? भिंतीच्या खाली पाइप आहे, त्याच्यावर पाया घेतला तर..."

"ते झटपट बघेल हो. तुम्ही फक्त आकडा वाढवा, त्याच्या वर गेला पाहिजे. आणि बँकेत नातं बोलायचं नाही हं, नातेवाइकाचं कोटेशन चालत नाही. एवढं एक तर करा माझ्यासाठी."

नाही म्हणता आलं असतं. दुसरा कुणी असता तर चार शब्द सुनावून मोकळा झाला असता. हा मात्र कागद घेऊन बसला.

आकडा वाढवायचा म्हणून त्याने आधी देखरेख धरली, भरपूर धरली. मग नफा धरला, आजवर कुणाकडे मागायचं धाडस झालं नव्हतं तेवढा. घरच्या फळ्यांचं भाडं लावलं. बेरीज केली, तरी झटपटचा आकडा वरच. सविस्तरने बेरीज पुन्हा केली. त्याचा पोटभर नफासुद्धा त्या गाडीला कमी पडत होता. मग मात्र त्याने वाळू दुप्पट केली, सळई दीडपट केली, पायाच्या खाली नसलेला खडक फोडला, आणि ते सगळं नेहमीसारखं मापासकट, दरासकट लिहून काढलं.

"मिळालं ना काम?" बायकोने विचारलं.

"जवळजवळ," तो म्हणाला आणि इस्त्रीचा शर्ट शोधू लागला.

पानं द्यायला तो स्वतः गेला. नेमके तेव्हाच बँकेचे साहेब जागा बघायला आलेले. सोफ्यावर साहेब, शेजारी जावई. लेक चहाचा ट्रे घेऊन आतून येत होती. बापाला दारात बघून ती थबकली. ट्रेमध्ये कप मोजकेच होते.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने ट्रे टेबलावर ठेवला, कपाचे कान साहेबांच्या बाजूला वळवले. "तिसरं कोटेशन यांचंय," ती म्हणाली. "असेच आहेत, ओळखीचे."

सविस्तर चपलांच्या जागेपाशीच उभा राहिला. पुढे होऊन त्याने पानं दिली आणि परत आपल्या जागी गेला. साहेबांनी घाईने पानं उलटली, शेवटचा आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

"अहो, एका खोलीला एवढे? पायात सोनं पुरणार आहात का? लोकांना लुटायचं म्हणजे किती! लाज कोळून प्यायलात की काय?"

जावई खळखळून हसला. सविस्तरचे कान तापले. सांगावं, ओरडून सांगावं की आधीचं कोटेशन बघा, त्यात माझ्या नफ्यापुढे शून्य आहे. त्याने लेकीकडे पाहिलं. ती साहेबांच्या कपात साखर ढवळत होती, विरघळली तरी ढवळतच होती. लाजेने ती वर बघत नाही असं क्षणभर त्याला वाटलं. मग तिने मान वर केली, तेव्हा त्याला कळलं की ती घाबरली आहे. हा म्हातारा आता काहीतरी बोलेल आणि सगळं घालवेल, एवढीच भीती तिला होती.

"माल महाग झालाय साहेब," सविस्तर म्हणाला. "मॅडम, सही कुठे करू?"

लेकीने बोट ठेवून जागा दाखवली. त्याने वाकून सही केली. साहेबांनी झटपटचा कागद वर ठेवला, याचा खाली घातला आणि म्हणाले, "हे पहिलंच बरं आहे. पास करून टाकू." लेकीने सुटकेचा श्वास टाकला आणि त्याला दारापर्यंत पोचवायला आली. साहेबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "बरं, कळवू मग तुम्हाला."

"काही घाई नाही, मॅडम," सविस्तर म्हणाला.