एका नावावर तिघं

"तू आत आलीस की मी बाहेर फेकला जातो, आन् वर मलाच इचारती काय झालं!" विक्रम ताटावरून ओरडला.

"मला तरी कुठं टिकू देता तुम्ही?" सविताने भाकरी तव्यावर आपटली. "गिऱ्हाईक पुढ्यात उभं, झेंडूची ऑर्डर निम्मी टाईप झालेली, आन् स्क्रीन कोरी!"

वरवंडला हायवेलगत त्यांची रोपवाटिका. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर सविता, शेडनेटपाशी तिचा नवरा विक्रम, हिशेबाला थोरली जाऊ प्रतिभा. तिघांची माहिती साठायची घरातल्या सर्व्हरवर. सासूबाई मुक्ताबाई त्याला खोकं म्हणत. तिघं एकदम आपापल्या स्क्रीनवर बसले की कुणी ना कुणी टपकन सॉफ्टवेअरमधून बाहेर पडे. दसऱ्याच्या झेंडूची लागवड सुरू असताना या गोंधळात तीच रोपं दोघा शेतकऱ्यांना कबूल झाली, आणि सासरे हौसराव, म्हणजे घरचे आप्पा, म्हणाले, सविताने काउंटर सोडावा.

सविता पाबळची. लग्नाआधी रांजणगावात एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलेली. स्वयंपाक तिला जमायचा, पण जीव काउंटरवर. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाशी भांडून तिला जी तरतरी यायची, ती माहेरी जाऊनही यायची नाही. तोच काउंटर हातचा जातोय म्हटल्यावर ती पेटली. आधी वायर बदलली. मग शिरूरहून नवा राऊटर आणवला. त्याचे दिवे लग्नघरासारखे लुकलुकले आणि माणसं पूर्वीसारखीच बाहेर पडत राहिली. मग ती नवा सर्व्हर मागून बसली. ते आप्पा अजून जेवताना ऐकवत.

आज दुपारी तिने प्रतिभाला फोन लावला. "ताई, तुम्ही आत जाऊन नुसत्या बसा. कशाला हात लावू नका. आता मी येते."

"अगं बया, गेलं माझं!" पलीकडून प्रतिभा किंचाळली.

मग प्रतिभा आत गेली आणि सविता बाहेर. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. तिघंही एकच नाव टाकत होते: हौसराव. तेच नाव दुसरीकडून आलं की सॉफ्टवेअर पहिल्याला हाकलून देई. सॉफ्टवेअर बसवणारा माणूस सुरुवातीलाच वेगवेगळी नावं करून देत होता. आप्पांनीच त्याला अडवलं होतं, आणि सविताने तेव्हा सुनेसारखी मान हलवली होती.

हे तिने आता सगळ्यांसमोर सांगितलं. विक्रम हातातला घास विसरून आप्पांकडे बघू लागला.

"एका घरात तीन नावं चालायची न्हाईत," आप्पा म्हणाले. "आज हितं वेगळं, उद्या चूल वेगळी."

"मतदार यादीत आपल्या घरची सात नावं हायेत," मुक्ताबाई भाजी वाढता वाढता म्हणाल्या. "घर फुटलं व्हय तेनं?"

"ती सरकारची यादी. तिथं माझं काय चालतंय?"

"घरात चालतंय म्हून झेंडू दोघांला इकला!"

प्रतिभा पदरात हसली. आप्पांनी पाण्याचा तांब्या उगाचच इकडचा तिकडे सरकवला.

सविताने गॅस बंद केला आणि सगळ्यांकडे तोंड केलं. "तिघांची नावं मी मघाशीच टाकलीत. तुमचंबी हाय आप्पा, बघायचं आसंल तवा बघा. उद्यापासून ज्यानं त्यानं आपल्या नावानं आत जायचं. आन् काउंटरवर मीच बसणार."