पंप धुतला काय?

वीस वर्षं मी अमरावतीच्या एका कॉलेजात जनुकं शिकवतोय. मुलं झोपतात, पण पास होतात. त्यामुळे आपल्याला छान समजावता येतं, असा माझा गोड समज होता. तो आईनं मोडला.

आईला रक्ताचा कॅन्सर झाला. अकोल्याजवळच्या गावी जन्मभर कपाशी पिकवलेली बाई. नेहमीची औषधं लागू पडेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला. तिच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांत एक जनुक घालायचं, मग त्याच पेशी कॅन्सरच्या पेशींना ओळखून मारतात. अशा शिकवलेल्या पेशी परत अंगात सोडायच्या. त्यासाठी मुंबईला जावं लागणार होतं. आई म्हणाली, "मी नाही जात." दुसरा उपाय उरला नव्हता. मी घाबरलो.

घाबरलेला मास्तर दुसरं काय करणार? आठवडाभर रंगीत पेनांनी आकृत्या काढल्या. आई मेथी निवडता निवडता "हो काय?" म्हणायची. शेवटी म्हणाली, "म्हंजे सोयाबीनमंधलं तणनाशक. तण मरते, पीक राह्यते. एवढ्यासाठी इतके कागद काहून खराब करून राहिला?"

मला रागच आला. इतकं बरोबर उत्तर माझ्या एकाही विद्यार्थ्यानं दिलं नव्हतं.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तिनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, पंप धुतला काय?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. माझे कान तापले. कॉलेजात शिकत असताना सुट्टीत मी शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवतावर तणनाशक मारलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तोच पंप न धुता कपाशीवर फवारणी केली. कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरली, बोंडं धरलीच नाहीत. शेजारच्या काकांच्या शेतातून औषध उडून आलं, असं मी छातीठोकपणे सांगितलं. तेव्हापासून काकांचं आमच्या घरी येणं बंद झालं.

"चांगल्या पेशी मरणार नाहीत ना, असं विचारतेय ती," मी म्हणालो.

"काही मरतील, आजी," डॉक्टर म्हणाले. "ताप चढेल, कधी फार त्रास होतो. म्हणून तिथं ठेवून घेतात. आणि गुण येईलच, असं मी लिहून देणार नाही."

संपलं, मला वाटलं. आईनं संमतीचा कागद ओढला आणि सही केली. "हा माणूस खरं सांगून राह्यला," ती म्हणाली.

जिना उतरताना तिनं माझा हात धरला होता. "मुंबईले जायच्या आधी काकाकडे चाल. मी संगं येतो, पण सांगशीन तू."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुह्या मांगून तणनाशकाच्या वासाचा पंप कोनं धुतला, बाप्पा?"