अर्धी गाठ इकडे, अर्धी तिकडे

कुठे जरा खुट्ट वाजलं की मावशीचे कान टवकारतात. म्हणून घरी तिचं नावच ‘खुट्ट’. कचेरीत ती खरेदी विभाग सांभाळते. यंदा शाळेच्या बाकांचं टेंडर तिच्याकडे होतं. बाक मोडल्यामुळे मुलं फरशीवर बसत होती; त्यांत तिची नातही.

तीन ठेकेदारांनी नमुन्याचा एकेक बाक आणला. तिघं एकमेकांचे हाडवैरी म्हणे! मावशी प्रत्येकावर बसली, डुलून पाहिलं. मग पदर खोचून तिने तिन्ही बाक ढकलत एकमेकांना भिडवले.

पहिल्याच्या कडेला लाकडातली अर्धी गाठ होती. उरलेली अर्धी दुसऱ्यावर. आणि दुसऱ्यावरची वळणदार रेघ न अडखळता तिसऱ्यावर गेली होती.

“तुम्ही एकमेकांचं तोंडही बघत नाही ना?”

“नावसुद्धा घेत नाही, बाई,” सर्वांत कमी भाव भरलेला म्हणाला.

“मग एकच फळी चिरून तिघांनी वाटून कशी घेतली?”

“लाकूड काय, सगळीकडे सारखंच.”

“सारखं असेल हो. एकच कसं?”

तिघांनी चटकन एकमेकांकडे पाहिलं. तोंड न बघणाऱ्यांनी!

ते गेल्यावर साहेब वैतागले. “बाई, उगाच फाटे फोडू नका. सही करा. बाक लांबले तर लोक तुमच्या नावाने खडे फोडतील.”

“पहिला खडा माझी नातच फोडेल, साहेब. पण थांबा.”

दर खेपेला भाव भरणारी एक सुतारीण या वेळी फिरकलीच नव्हती. मावशीने तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“ताई, यंदा तुम्ही कुठे गायब?”

“‘यंदा तुमचा नंबर नाही’ असा निरोप आला ना! मला वाटलं, तुमच्याच कचेरीतून.”

“नंबर? इथे काय दवाखान्याची रांग आहे?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “म्हणजे कुणाची पाळी, हे ठेकेदार आपसातच ठरवतात! चौकशी लावा. टेंडर नव्याने काढा,” ते हळूच म्हणाले.

नात मात्र रुसली. “सगळे म्हणतात, तुझ्या आजीमुळे आपण खाली बसतो.” मावशी रोज तिचे पाय चेपायची.

फेरटेंडरात नवी माणसं आली, ती सुतारीणही आली. भाव चांगलेच उतरले आणि काम तिलाच मिळालं.

बाक आले त्या दिवशी मावशी वर्गाच्या दारात उभी होती. नातीने सरकून जागा केली.

“ये ना, खुट्ट आजी. डुलून बघ.”

मावशी बसली, डुलली. बाक जागचा हलला नाही.