अक्काचं पित्त

त्या हिवाळ्यात अक्काचं डोकं रोज दुखायचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लातूरला दिलेली. सकाळी अंघोळ झाली की डोकं गच्च व्हायचं, मळमळायचं, चक्कर यायची. दुपारपर्यंत आपोआप कमी व्हायचं. फोनवर विचारलं की म्हणायची, "पित्त हाय गं. लई जागरण झालं." डॉक्टरांनी बीपी तपासलं, पित्ताच्या गोळ्या दिल्या. चष्म्याचा नंबर काढून झाला, मानेचा एक्स-रे झाला. तिच्या जाऊबाई म्हणाल्या, या वयात असंच होतं. अक्का बेचाळीस वर्षांची होती.

जानेवारीत मी नांदेडहून दोन दिवसांसाठी तिच्याकडे गेले. गार वारा येतो म्हणून त्यांनी बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावला होता. आतच गॅसचा गिझर. दुसऱ्या दिवशी मी केस धुतले, बराच वेळ लागला. बाहेर आले तर पाय लटपटत होते, कपाळ ठणकत होतं. मोरीपाशी जाईपर्यंत उलटी झाली. अक्कानं पाठ चोळली.

"काल गाडी लागली असल तुला."

"हाव, तसंच असल," मी म्हणाले.

दोघींना एकच त्रास, आणि तोही त्याच बाथरूममधून बाहेर आल्यावर. हे मला तेव्हा सुचलं नाही. आल्याचा चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

पंधरा दिवसांनी दाजींचा फोन आला. अक्का आतून हाकेला ओ देईना, म्हणून त्यांनी बाथरूमचं दार तोडलं होतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "गिझर गॅसचा आहे का? खिडकी उघडी असते?" दाजींनी झरोक्याला लावलेल्या पुठ्ठ्याचं सांगितलं. मग बाईंनी समजावलं, कोंदट जागेत गॅस जळताना हवा कमी पडली की विषारी वायू तयार होतो. त्याला ना वास, ना रंग.

अक्का वाचली. पण घरी आली ती पहिली अक्का नव्हती. बोलताना मध्येच शब्द शोधत बसते. फोडणी करपली तरी कढईपाशी तशीच उभी राहते. दाजींनी गिझर काढून टाकला. मला कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागतं.

मागच्या आठवड्यात गेले होते. तासाभरात तिनं मला दोनदा विचारलं, "तू कधी आलीस गं?"

दोन्ही वेळा मी सांगितलं, सकाळी.